यात्रेत पोलिसांचा बंदोबस्त असतो, तसा सावलीचा पण लावा : आरोग्यमंत्री साहेबांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

साहेब, पत्र लांब होणार आहे पण पूर्ण वाचा ही विनंती. गुढीपाडवा झाला की आमच्या विदर्भात यात्रा सुरू होतात. चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते, तिथं मराठवाड्यातून आणि तेलंगणातून लोक येतात, झरपट नदीवर आंघोळ करून दर्शनाला जातात. रामनवमीला पोहरादेवीला बंजारा समाज चार-पाच राज्यांतून येतो, शेगावला पायी दिंड्या येतात. ही झाली मोठी नावं. त्यांच्या मागे गावोगावच्या लहान यात्रा आहेत ज्यांचं नाव पेपरात आलंच तर आतल्या पानावर कोपऱ्यात येते, आमच्या गावची देवीची यात्रा त्यातलीच एक. एरवी गावात दुपारी कुत्रं दिसत नाही आणि चैत्र पौर्णिमेला पाय ठेवायला जागा नसते.

मी शेती करतो, यात्रेत आमच्या मंडळाच्या प्याऊवर पाणी वाटतो, आणि माझी वहिनी गावची आशा कार्यकर्ती आहे. जे लिहून राहिलो ते दोघांनी मिळून पाहिलेलं आहे.

यात्रेच्या आधी तहसीलला बैठक होते. पोलीस किती, होमगार्ड किती, पार्किंग कोणाच्या वावरात, एसटीच्या जादा गाड्या किती, दारूची दुकानं कधीपासून बंद, साहेब लोकांच्या गाड्या कोणत्या रस्त्यानं येतील, हे सगळं तिथं ठरतं आणि ठरलंच पाहिजे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आरोग्याचा विषय आला की एक पथक आणि एक अँब्युलन्स असं लिहून लगेच पुढचा विषय सुरू होतो. रांगेवर सावली किती फूट, पाणी किती जागी, बर्फ कुठून येणार, दुपारी बारा ते चार तिथं कोण बसणार, हे कोणी विचारत नाही. आणि माणसं पडतात ती बरोबर त्याच चार तासांत.

साहेब, तुमच्या खात्याला मी काही शिकवावं एवढा मोठा मी नाही, पण वहिनीच्या ट्रेनिंगमध्ये डॉक्टरांनी सांगितलेलं ती आम्हाला घरी सांगते. डोकं दुखणं, मळमळ, खूप घाम, पायात गोळे येणं, ही झाली सुरुवात. या वेळी माणसाला सावलीत बसवलं, ओआरएस पाजलं तर तो तासाभरात उठून चालायला लागतो. पण अंगाचं तापमान १०४ डिग्री फॅरनहाइटच्या वर गेलं आणि माणूस बरळायला लागला, ओळख विसरला, झटका आला, की तो उष्माघात. तिथून मेंदू, किडनी, लिव्हर यांना इजा होणं सुरू होतं आणि अंग जेवढा वेळ तापलेलं राहील तेवढी ती वाढत जाते. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड करणं हाच खरा इलाज, दवाखान्यात नेणं त्याच्यानंतर. आणि आमच्या इथं होतं काय, तर तो अर्धा तास यात्रेतून बाहेर निघण्यातच जातो. दोन्ही बाजूला खेळण्यांची दुकानं, मधात पाळणेवाल्यांची जनरेटरची गाडी, समोरून येणारी गर्दी, १०८ चा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकतो. त्याचा काय दोष, त्याला रस्ताच ठेवलेला नसतो.

मागच्या एका यात्रेतलं सांगतो. दुपारची वेळ, रांगेत एक बाई डुलायला लागली. डोळे वर गेले, तोंडातून काही तरी बोलून राहिली होती पण कोणाला समजत नव्हतं. देवीची यात्रा, त्यामुळं आजूबाजूच्या बायांनी हात जोडले, कोणी कपाळभर हळदकुंकू लावलं, कोणी लिंबू उतरवला, "देवी आली, देवी आली" म्हणत लोक गोल करून उभे राहिले, म्हणजे जी थोडीफार हवा लागत होती ती पण बंद. वहिनी ओआरएसची पाकिटं घेऊन तिथून जात होती. ती गर्दीत घुसली, बाईच्या पाठीवर हात ठेवला आणि जोरात ओरडली, "अवं बायाहो, इचं आंग पाहा कसं जळून रायलं, पानी आना बकेटीनं!" मग आम्ही चार-पाच जणांनी चादरीत उचलून तिला चिंचेखाली नेलं, प्याऊवरचे हंडे अंगावर रिकामे केले, गोळेवाल्याकडून बर्फ आणून दुपट्ट्यात बांधून मानेवर आणि काखेत ठेवला, आणि दोन पोट्टे पुठ्ठ्यानं वारा घालत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि पहिले आपल्या लेकराचं नाव घेतलं. अँब्युलन्स त्याच्यानंतर पोचली.

देवी अंगात येते की नाही या वादात मला पडायचं नाही, आमच्याही घरात देवीचे नवस आहेत, दरवर्षी ओटी भरल्याशिवाय माझी माय जेवत नाही. माझं मागणं एवढंच आहे की यात्रेच्या माईकवरून, जिथून हरवलेल्या लेकरांची नावं सांगतात तिथूनच, दर थोड्या वेळानं हे पण सांगितलं जावं : कोणी डुलून राहिलं, बरळून राहिलं, तर आधी अंगाला हात लावून पाहा, अंग तापलेलं असेल तर आधी सावली आणि पाणी, हळदकुंकू नंतर. देवी कुठं जात नाही. आणि ही गोष्ट देवस्थानच्या पुजाऱ्यांनी सांगितली तर लोक डॉक्टरपेक्षा लवकर ऐकतील, म्हणून पुजारी, भगत, पोतराज, आराधी यांना बोलावून तुमच्या डॉक्टरांनी एक दिवस समजावून सांगावं, लोक ऐकणारे आहेत. तसंच बुढ्या माणसांचं. कोणी बुढा रस्त्याच्या कडेला आडवा दिसला की पिऊन पडला असेल म्हणून लोक ओलांडून जातात. दरवेळी तो पिलेलाच असतो असं नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी लोकांना माहीत नाहीत त्या माईकवरून सांगायच्या आहेत. उष्माघातात तापाची गोळी काम करत नाही, कारण हा ताप आजाराचा नाही, बाहेरच्या उन्हाचा आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासाच्या नळीत जातं. घाम येऊन राहिला म्हणजे उष्माघात नाही असं समजायचं नाही, रांगेत रेटारेटी करून पडलेल्या माणसाला घामही असतो आणि उष्माघातही असतो. आणि खिशात कांदा ठेवला म्हणजे लू लागत नाही असं आमच्याकडे सगळे मानतात, ठेवायचा तर ठेवा, पण त्या भरवशावर दुपारी उन्हात उभं राहू नका.

बर्फाचं आणि ताडपत्रीचं मुद्दाम लिहितो कारण यात पैसे लागत नाहीत. बाहेरच्या देशांत मॅरेथॉनच्या ठिकाणी एक पद्धत वापरतात, माणसाला ताडपत्रीवर झोपवायचं, चारी बाजूंनी काठ उचलून धरायचे आणि आत बर्फाचं पाणी ओतून हलवत राहायचं, तोंड वर राहील एवढं पाहायचं. झालं. ताडपत्री आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी आहे, सोयाबीन झाकायला घेतलेली, बर्फाच्या लाद्या यात्रेत पहाटेपासून येऊन पडतात. आशा ताईंना, आमच्यासारख्या मंडळाच्या पोरांना आणि होमगार्डना हे एकदा करून दाखवा, दुपारभर लागणार नाही.

आता रांगेचं. यात्रेतला सगळ्यात धोक्याचा भाग म्हणजे दर्शनाची बारी. दोन्ही बाजूला लोखंडी पाइप, मधात माणसाला माणूस चिकटलेला, एकदा आत गेलं की मागंही येता येत नाही. पाणी रांगेच्या सुरुवातीला असतं आणि मंदिरापाशी असतं, मधात काही नाही. वरून सावली म्हणून पत्रे टाकतात, तो पत्रा तापला की खालच्या माणसाचं डोकं भाजतं, त्याच्यापेक्षा हिरवी नेट दोन पदरी लावावी, उंच लावावी आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. आमच्याकडे लग्नाला जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घालतात, त्याच्याखाली किती थंड वाटतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. दर थोड्या अंतरावर रांगेतून बाहेर पडायची फट पाहिजे, आणि बाहेर पडलेल्या माणसाला परत त्याच जागी घेतील याची चिठ्ठी पाहिजे. ही चिठ्ठी लय महत्त्वाची आहे साहेब. चक्कर येऊन राहिली तरी माणूस रांग सोडत नाही, कारण सोडली तर तीन तास वाया गेले.

पायात चप्पल नसते, नवस असतो. डांबरी रस्ता दुपारी हाताला चटका देतो, त्यावर बाया अनवाणी आणि काखेत लेकरू. रांगेखाली पोत्याची तरटं अंथरून ती भिजत ठेवली तर पाय वाचतील. यासाठी एक माणूस आणि एक पाइप लागतो फक्त.

रामनवमीच्या यात्रेत आणखी एक अडचण आहे, जन्मच दुपारी बाराचा. ती वेळ कोणी बदलू शकत नाही आणि बदलूही नये. पण बारा वाजता सगळ्यांनी एकाच पटांगणात उभं असलं पाहिजे असं कुठं आहे, आजकाल गावात भागवत सप्ताहालाही एलईडी स्क्रीन येते, ती शाळेच्या व्हरांड्यात, समाजमंदिरात, आमराईत लावा, पाळणा तिथून पाहता येतो. बाकीचं दर्शन रात्रभर आणि पहाटे सुरू ठेवायचं. शेगावात सेवेकरी ज्या शिस्तीनं रांग चालवतात ती सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, म्हणजे आपल्या लोकांना जमत नाही असं म्हणायला जागा नाही. नागपूरच्या हवामान केंद्राचा ऑरेंज, रेड अलर्ट येतो, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो पडतो, सगळे हात जोडल्याची इमोजी टाकतात आणि यात्रेत काहीच बदलत नाही. अलर्ट असेल त्या दिवशी बारा ते चार बारी बंद, आतल्या लोकांना सावलीत बसवायचं आणि त्यांचा नंबर कायम, असा लेखी नियम जिल्ह्यातून आला तर देवस्थान समितीलाही सोपं जाईल, कारण त्यांनी स्वतःच्या मनानं बंद केलं तर लोक त्यांच्यावर धावून जातात.

खारघरला १६ एप्रिल २०२३ ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम, उघडं मैदान, लाखो माणसं, आणि १४ जीव गेले. तिथं पारा ३८ च्या आसपास होता, आता तिकडची हवा दमट, तिथले ३८ आणि इकडचे ३८ सारखे नाहीत हे मान्य, पण आमच्याकडे एप्रिलमध्येच पारा ४३-४४ वर जाऊन बसतो. त्यानंतर दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत असं सरकारनं जाहीर केलं होतं. यात्रेला तो नियम कसा लावायचा हे कोणी सांगितलं नाही. अहमदाबादनं २०१० च्या उन्हाळ्यात माणसं गेल्यावर २०१३ मध्ये हीट अॅक्शन प्लॅन केला, नंतर नागपूरनंही केला. शहरांचे प्लॅन झाले, चांगलं झालं. ज्या गावाची वस्ती चार दिवसांसाठी शहराएवढी होते त्या गावाचा प्लॅन कोणी करायचा?

आता जे सांगतो ते सांगायला संकोच वाटते पण वहिनी म्हणाली लिहाच. बाया पाणी पीत नाहीत. आमच्या प्याऊवर त्या येतात, लेकराला पाजतात, बुढ्या सासऱ्याला पाजतात, बाटली भरून घेतात आणि स्वतः एक घोट घेऊन चूळ भरून टाकतात. काहून ताई, प्या ना, म्हटलं तर हसतात आणि पुढं निघून जातात. कारण जायला जागा नाही. चैत्रात वावरं रिकामी असतात साहेब, तूर निघाली, पऱ्हाटी उपटली, आडोशाला एक झुडूप उभं नसते, मग सकाळी अंधारात एकदा जायचं आणि थेट रात्री अंधार पडल्यावर. त्यातच उपवास, त्यातच कोणाला पाळी, कोणी पोटुशी. म्हणजे ओआरएसची कितीही पाकिटं वाटली तरी ती पर्समध्येच राहतात. फिरती शौचालयं येतात, पण ती मैदानाच्या टोकाला पार्किंगजवळ उभी करतात, आत पाणी नाही, कडी नाही, लाइट नाही, पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ती वापरण्यासारखी राहत नाहीत. ती बारीच्या बाजूला पाहिजेत, बायांची वेगळी, साफ करायला आणि राखायला बायाच पाहिजेत त्यांच्या मजुरीसकट. विहीर, बोअर यांच्यापासून मात्र दूर. उष्माघाताच्या यादीत शौचालय कोणी लिहीत नाही, मी म्हणतो ते पहिल्या ओळीत लिहा.

पाण्याचं म्हणाल तर गावचं पाणी शुद्ध करणारा जलसुरक्षक आहे, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पण आहे. पण यात्रेत पाणी फक्त गावच्या विहिरीचं नसते, टँकर येतात, दुकानदार कॅन आणतात, आणि थंड लागलं म्हणजे शुद्ध असंच लोक समजतात. प्रत्येक टँकर उभा राहिला की आधी ओटी टेस्ट, म्हणजे औषधाचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहायचं, पाणी पिवळं झालं तर तोटी उघडा नाहीतर टीसीएल टाकून अर्धा तास थांबा, एवढं करायला एक माणूस चार दिवस बसवा. पावडर नवी द्या, तोंड उघड्या पोत्यात वर्षभर पडलेल्या पावडरचा दम गेलेला असतो. बर्फाचंही तसंच, खायचा बर्फ पांढरा आणि न खायचा निळसर रंगाचा असला पाहिजे असा नियम आहे, यात्रेत कोणी तपासताना मी तरी पाहिला नाही. आणि ओआरएसच्या नावानं विकले जाणारे गोड सरबताचे डबे, त्यांच्यावर ते नाव छापायला केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली ते बरं केलं, पण जुना माल खेड्यात उशिरापर्यंत फिरतो. खरं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण एकाच वेळी टाकायचं, अर्धा ग्लास पाण्यात अख्खं पाकीट नाही, हे पण लोकांना सांगावं लागते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, सपाट भरलेला.

महाप्रसादाचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहात एकादशीची भगर-आमटी खाऊन शेकडो लोकांना विषबाधा झाली, दवाखान्यात जागा नव्हती म्हणून दोर बांधून त्याला सलाईनच्या बाटल्या लटकवल्या, तो फोटो सगळीकडे फिरला. त्या वेळी तर ऊनही एवढं नव्हतं. भगरीला बुरशी लागली की त्यात विष तयार होतं, आणि चैत्रात शिजवलेलं अन्न कोमट राहिलं की दोन-चार तासांत बिघडतं. घाण्या-घाण्यानं शिजवा आणि गरम वाढा, सकाळीच सगळं रांधून दुपारभर झाकून ठेवू नका, एवढंच आचाऱ्यांना सांगायचं आहे. रोडगे आणि वांग्याची भाजी चुलीवरून थेट पानात येते म्हणून त्याचा त्रास कमी.

सिकलसेलबद्दल मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण रक्ताचा हा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भात घराघरात आहे आणि यात्रेच्या कागदात तो कुठंच नाही. २०२३ मध्ये केंद्रानं सिकलसेलचं मिशन सुरू केलं, तपासणी होऊन राहिली, कार्डं मिळून राहिली. पण या पेशंटच्या अंगातलं पाणी कमी झालं की हाडं-सांधे असे दुखतात की माणूस लोळतो. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं रांगेत रडताना पाहून लोक म्हणतात एवढं काय झालं. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याला रांगेत उभं न करता थेट दर्शन द्या, गरोदर बाईला द्या, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या बुढ्यांना द्या. नेते मंडळींसाठी एक दरवाजा असतोच, तोच दरवाजा यांना पण उघडा.

रात्री लोक वावरात, झाडाखाली खालीच झोपतात, मण्यार झोपलेल्या माणसाला चावते आणि चावा समजतही नाही, म्हणून यात्रेच्या दिवसांत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सापाच्या विषावरचं इंजेक्शन आणि ते द्यायला डॉक्टर, हे दोन्ही रात्रीच्या वेळी असले पाहिजेत.

पथकातल्या लोकांबद्दल तक्रार नाही. सिस्टर, डॉक्टर, तेही घरदार सोडून येतात, त्यांना टेबल-खुर्ची उन्हात दिलेली असते आणि प्यायला पाणी आमच्या प्याऊवरून जाते. पण ते बसतात मेन गेटला, जिथून साहेब लोक येतात, आणि माणसं पडतात मागं बारीत. टेबल मागं न्या. कूलर द्या, बर्फाची पेटी द्या, आणि जेवायला सगळ्यांनी एकाच वेळी उठायचं नाही असं ठरवून द्या.

ग्रामपंचायत यात्रेत दुकानदारांची, पाळणेवाल्यांची पावती फाडते. त्या पैशातून सावली, पाणी आणि शौचालय यांचा वाटा आधी काढून ठेवायचा, मग लाइटिंग आणि मंडप, असं तुम्ही ग्रामविकास खात्याशी बोलून लेखी करून द्या, म्हणजे सरपंचाला कोणाचं तोंड पाहावं लागणार नाही.

यात्रेची बैठक पाडव्याच्या आठ दिवस आधी होते, तेव्हा काही करायला वेळच उरत नाही. ती माघातच घ्या आणि तिथं आशा ताई, जलसुरक्षक, प्याऊवाले, आचारी, पुजारी यांना खुर्ची द्या. तारीख कळवा, आम्ही आमच्या खर्चानं येतो. ताडपत्र्या आमच्या, बर्फवाल्याशी आम्ही बोलतो, मांडवाला डहाळ्या आणून देतो, तरटं भिजवायला पोरं देतो. दुपारी बारा ते चार बसणारा डॉक्टर, बायांसाठी शौचालयं आणि अँब्युलन्ससाठी मोकळा रस्ता या तीन गोष्टी मात्र आमच्या हातात नाहीत, त्या तुम्ही द्या.

आपला,
प्याऊवर पाणी वाटणारा एक गावकरी